तरवड दरवर्षी मरतोय? औषध नंतर, आधी खड्डा बघा

गेल्या पावसाळ्यापर्यंतचा माझा हिशेब असा होता: चार वर्षं, एकोणीस रोपं, जगली तीन. आणि ती तिन्ही तरवड नव्हतीच, हे नंतर कळलं.

झाड कुठलं, तर तरवड. ज्याला उभ्या सोलापूर जिल्ह्यात कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नाही, जो बार्शी रोडच्या कडेला, मुरमाच्या खाणीच्या काठावर, रुळांच्या बाजूच्या खडीत आपला आपण पिवळाधम्मक फुलतो, तो माझ्या जुळे सोलापुरातल्या अंगणात शेणखत, पाणी, आळं सगळं मिळूनही दसरा बघत नव्हता. बायको म्हणायची, "निवडुंग लावून बघा एकदा, तो तरी टिकतोय का तुमच्या हाताला."

हीच तक्रार मी निदान सात-आठ जणांकडून ऐकली आहे. कुणाचा विजापूर रोडला प्लॉट, कुणाची बाळे गावाकडे शेती, कुणाच्या शाळेचं मैदान. म्हणून झालेलं सगळं एकदा लिहून ठेवतो.

दुखणं दिसतं असं. जूनच्या शेवटी किंवा जुलैत रोप लावायचं. महिनाभर टवटवीत, दोन-चार नवी पानंही येतात. ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडायला लागतात. पानातल्या बारीक पानोळ्या गळून जातात आणि नुसता दांडा काडीसारखा राहतो. मग उत्तरा-हस्ताचा पाऊस येतो. आपल्याकडे खरा पाऊस तोच. त्यानंतर आठ-दहा दिवसांत शेंडा मान टाकतो. मान टाकलेली दिसली की आपण काय करतो? बादली उचलतो. तिथेच खेळ संपतो.

मी प्रत्येक वर्षी वेगळा इलाज केला. पहिल्या वर्षी बुरशीनाशक. दुसऱ्या वर्षी कुणीतरी ह्युमिक, म्हणजे मुळं वाढवायला म्हणून विकतात ते औषध, सांगितलं. तिसऱ्या वर्षी एका दुकानदारानं "शेंगवर्गातलं झाड आहे ना, मग मुळांना गाठी पाहिजेत" म्हणून रायझोबियमचं, म्हणजे त्या गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट गळ्यात मारलं. वरकरणी ते पटण्यासारखं होतं. पण तरवडाच्या कुळातली ही शाखा मुळांवर गाठी धरत नाही. हरभरा, तूर, भुईमूग धरतात, तरवड नाही. त्यामुळे मूळ उपटून "गाठी नाहीत, म्हणजे झाड आजारी" असा निष्कर्ष काढू नका, आणि ते पाकीट तुरीसाठी ठेवा.

डोळे उघडले ते नान्नजच्या बाजूच्या माळावर. माळढोक अभयारण्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला मी तरवडाच्या शेंगा बघत उभा होतो आणि मेंढरं घेऊन एक तात्या आले. "काय शोधतायसा सर?" म्हणाले. मी माझं रडगाणं सांगितलं. आळं केलं, रोज संध्याकाळी पाणी घातलं, पाऊस पडला तरी घातलं. त्यांनी काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पाणी पाजून मारलायसा की ओ त्येला." मग काठीनं समोर दाखवलं. "बघा, कुठं हाय ह्यो. सखल जागंला हाय का एक तरी?"

नव्हता. एकही नव्हता. सगळे चढाला, बांधाच्या डोक्यावर, चरीच्या काठावर, मुरूम उपसून टाकलेल्या ढिगाऱ्यावर. वीस पावलांवर ओघळ होता, तिथे गवत होतं, बाभळीची पिल्लं होती, तरवड नव्हता. काळ्या रानातही तरवड दिसतो म्हणून मी काळ्या मातीला दोष देत नव्हतो, पण काळ्या रानात तो बांधावर असतो, सरीत नसतो. एवढी साधी गोष्ट मी पन्नास वर्षं बसच्या खिडकीतून बघत होतो.

घरी येऊन त्या वर्षी मेलेलं शेवटचं रोप उकरलं. हे तुम्हीही करा. मेलेलं रोप उपटून फेकू नका, बाजूनं माती काढत खाली जा. माझ्या खड्ड्यात वरची चार बोटं माती कोरडी, भुसभुशीत होती. म्हणूनच मी रोज पाणी घालत होतो. वीतभर खाली गेलो तर माती भाकरीच्या पिठासारखी मळलेली. दीड फुटावर तिला आंबूस वास. सोटमूळ दोन बोटांत धरून ओढलं तर वरची साल भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी सरकन निसटून हातात आली आणि आत नुसता तपकिरी दोरा. आणि खड्ड्याची भिंत? पहारीनं घासून घासून गुळगुळीत झालेला पिवळा मुरूम, बाहेरच्या बाजूनं ठणठणीत कोरडा.

म्हणजे झालं होतं असं. प्लॉट मुरमाड. मी हौसेनं दोन फूट खोल, दोन फूट रुंद खड्डा घेतला, त्यातला मुरूम फेकून दिला आणि ट्रॉलीनं आणलेली काळी माती आणि शेणखत भरलं. आपल्याकडे कुठलंही झाड लावायचं म्हटलं की हेच करतात. आंब्याला, पेरूला ते चालतंही. पण काळी माती पाणी धरून ठेवते, भोवतीचा घट्ट मुरूम ते झटकन पुढे घेत नाही, आणि खड्डा हौद होऊन बसतो. पाऊस पडला की आजूबाजूचं पाणीही त्या मऊ जागेतच उतरतं. तरवडाचं मूळ त्या हौदात गुदमरतं. मुळाला हवा लागते. हवा संपली की मूळ कुजतं, कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखी मान टाकतं. बादली उचलावीशी वाटते ती याच फसवणुकीमुळे.

तुमच्या जागेचं पारखायचं असेल तर फूटभर खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, मुरू द्या. हे पहिलं पाणी मोजायचं नाही. लगेच दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ बघा. तास-दोन तासांत अर्ध्याच्या खाली गेलं तर जागा ठीक. माझ्याकडे संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी चार बोटं शिल्लक होतं, आणि त्यात एक बेडूक बसला होता.

इलाज अगदी साधा आहे आणि फुकट आहे: खड्डा घेऊच नका. जमीन कुदळीनं फक्त वीतभर खणून सैल करा, तिथलाच मुरूम आणि तिथलीच माती निम्मी-निम्मी मिसळून दोन-तीन फूट रुंद, वीत-दीड वीत उंच उंचवटा करा. खत घालायचंच असेल तर ओंजळभर, पूर्ण कुजलेलं. अर्धकच्चं शेणखत घातलं की वाळवी येते आणि मग तिचा नवा अध्याय सुरू होतो. आळं नको. उंचवट्याच्या डोक्यावर बी टाका. काळ्या रानात असाल तर बांध आहेच, नसेल तर वरंबा ओढा. काळ्या रानाची एक वेगळी खोड आहे, उन्हाळ्यात ते भेगाळतं आणि कोवळी मुळं ताणून तोडतं. पहिल्या उन्हाळ्यात बुडाशी पालापाचोळ्याचा किंवा तुरकाट्यांचा थर टाकला तर भेगा कमी पडतात. खोडाला मात्र तो चिकटवू नका.

बी म्हणालो, रोप नाही. त्याचं कारण पुढे येईलच. आधी ओळखीचा गोंधळ मिटवू, कारण माझी तीन "जगलेली" रोपं इथलीच.

तो तरवडच आहे का?

पिवळं फूल, चिंचेसारखं पान, चपटी शेंग, एवढ्यावर निम्मा गाव फसतो. मी एकदा मोकळ्या प्लॉटमधून शेंगा आणल्या, उगवून आला कासविंदा. दुसऱ्यांदा एका रोपवाटिकेतून "तरवडच आहे साहेब" म्हणून तीन रोपं आणली. एक निघालं टिकोमा, म्हणजे घंटीसारख्या पिवळ्या फुलांचं ते बागेतलं झाड, आणि दोन निघाली शोभेचा पिवळा कॅसिया. विकणाऱ्यानं मुद्दाम फसवलं असं म्हणवत नाही. फूल नसताना त्यालाही फरक कळत नसावा.

मला खात्रीची खूण शिकवली ती आमच्या जुन्या शेजारीण अक्कांनी. आम्ही पूर्व भागात भाड्यानं राहत होतो तेव्हा शेजारी सगळी तेलुगू पद्मशाली मंडळी, मागावर टॉवेल-चादरी विणणारी. त्यांच्याकडे सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बतुकम्मा चालतो. परातीत फुलांचा थरावर थर रचत उतरता डोंगर करायचा, त्याभोवती बायकांनी टाळ्या वाजवत फेर धरायचा आणि शेवटी तो पाण्यात सोडायचा. त्यात कुर्डू असतो, झेंडू असतो, पण तंगेडूशिवाय बतुकम्मा होत नाही. तंगेडू म्हणजे आपला तरवड. २०१४ साली तेलंगण राज्य झालं तेव्हा त्यांनी राज्यफूल म्हणून हाच निवडला. आपलं राज्यफूल ताम्हण. सुंदर आहे, पण त्याला आमच्या भागात यायचं तर टँकर लागेल.

तर अक्का फूल बघतच नव्हत्या. फांदी हातात घ्यायच्या आणि पानाच्या देठाचं बूड बघायच्या. "कान हैत का बघ," म्हणायच्या. तरवडाच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी, जिथे देठ फांदीला जोडलेला असतो तिथे, दोन्ही बाजूंना दोन गोलसर हिरवी पानुलं असतात, अगदी कानाच्या पाळीसारखी. ती गळत नाहीत, पान असेपर्यंत राहतात. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये या झाडाला नाव देताना तेच बघितलं असणार. त्यानं ठेवलेल्या "ऑरिक्युलाटा" या नावाचा अर्थच कान असलेली. तेव्हा ते कॅसिया कुळात होतं, पुढे सेन्ना कुळात गेलं. म्हणून पुस्तकात आज "सेन्ना ऑरिक्युलाटा" असं दिसतं आणि जुन्या माहितीत "कॅसिया". झाड एकच.

दुसरी खूण भिंगाशिवायही दिसते. पान उताणं धरा आणि मधल्या दांड्यावर पानोळ्यांच्या प्रत्येक जोडीच्या मध्ये बघा. तिथे एक बारीक उभी गाठ, म्हणजे ग्रंथी, दिसते, राईच्या दाण्याहून लहान. तरवडात ती जवळपास प्रत्येक जोडीला असते. माझ्या त्या शोभेच्या कॅसियात ती फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांना होती आणि कान तर नव्हतेच. पानोळ्यांच्या जोड्या तरवडात साधारण ८ ते १२, टोकाला गोल आणि त्या गोलावर केसाएवढं बारीक टोक. शेवटी एकटी पानोळी नसते, जोडीनंच संपतं.

बाकीचे झटपट बाद करता येतात. टाकळ्याला पानोळ्यांच्या तीनच जोड्या, शेंग बारीक लांब विळ्यासारखी, आणि पावसाळा संपला की तो वाळून जातो. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पानोळी टोकदार, चुरगळली की वास नकोसा, आणि ग्रंथी फक्त देठाच्या बुडाशी. टिकोमाची पानं फांदीवर समोरासमोर असतात आणि पानोळ्यांच्या कडा करवतीसारख्या. तरवडाची पानं आलटून-पालटून येतात, कडा साफ. काशीदला कान नाहीत आणि तो वृक्ष होतो, कुंपणात मावत नाही. बहाव्याची शेंग गोल दांडक्यासारखी, तिथे गोंधळ व्हायलाच नको.

फुलात शिरलात तर आणखी मजा आहे. पाच पाकळ्या, कडेला किंचित चुणीदार, शिरा नारिंगी. मध्ये दहा पुंकेसर, पण दहाही सारखे नाहीत. वरचे तीन बारीक, वांझ. खालचे लांब, वाकडे, नखासारखे. त्यात मध नसतो, फक्त पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातूनच बाहेर येतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास उभं राहून बघा. काळा मोठा भुंगा फुलाला मिठी मारतो आणि पंख न फडफडवता अंग थरथरवतो. त्याचा आवाज एकदम बदलतो, जरा बारीक, किणकिणता होतो. त्या थरथरीनं पराग मिठासारखा शिंपडला जातो. फुलं भरपूर पण शेंगा जवळपास नाहीतच, अशी तुमची तक्रार असेल तर आठवा, शेजारी कुणी फवारणी करतंय का. भुंगे नसतील तर शेंग धरणार कशी?

बी उगवतच नाही

शेंग कागदासारखी चपटी, बोटभर ते त्याहून थोडी लांब, बिया कुठे आहेत ते बाहेरूनच कळतं. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, शेंगा तपकिरी होऊन खुळखुळायला लागतात. तेव्हा आणा. रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या आणा, अभयारण्यात शिरून नको. बऱ्याच बियांना आतच कीड भोक पाडते. पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. उरलेल्या सावलीत वाळवून राखेत मिसळून डब्यात ठेवा.

आता खरी अडचण. या बीला कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत जातच नाही. पहिल्या वर्षी मी तशाच पेरल्या, उगवल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि बाकीच्या कधी कधी पुढच्या पावसाळ्यात उगवल्या, मी त्या जागी मेथी लावलेली असताना. माळावर हे झाडाच्या हिताचंच आहे. मृगाच्या एका सरीला फसून सगळं बी एकदम उगवलं आणि जुलैत पावसानं महिनाभर दडी मारली तर वंश संपला. पण आपल्याला अंगणात तेवढी वाट बघायची नसते.

पाणी उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग बियांवर ओता आणि रात्रभर तसंच राहू द्या. बिया पाण्यात घालून उकळू नका, ती उसळ होईल. सकाळी काही बिया फुगून दुप्पट झालेल्या दिसतील, त्या लगेच पेरा. ज्या फुगल्या नाहीत त्यांना सुताराकडच्या पॉलिश पेपरवर एका बाजूनं घासा, आतला फिका रंग जरा दिसेपर्यंतच, आणि पुन्हा साध्या पाण्यात टाका. घासताना बीचा डोळा, म्हणजे जिथून ती शेंगेला चिकटलेली होती ती बाजू, सोडा. फुगलेली बी आठवड्या-दीड आठवड्यात वर येते.

पेरायचं जागेवरच, प्रत्येक उंचवट्यावर तीन बिया, अर्ध्या पेराएवढ्या खोल, मृगाचा किंवा आर्द्राचा पहिला बरा पाऊस झाल्यावर. नंतर तिघांतलं जोमदार एक ठेवा, बाकीची कात्रीनं कापा. उपटू नका, ठेवलेल्याचं मूळ हलतं.

पाणी किती? पहिला महिना, पाऊस नसेल तर, नळाला पाणी येईल त्या दिवशी तांब्याभर. सोलापूरकराला वेगळं वेळापत्रक लागत नाही. नळाला आपल्याकडे जेवढ्या दिवसांआड पाणी येतं तेवढी सवड तरवडाला नेमकी मानवते. दिवाळीनंतर पंधरवड्यातून एकदा, पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, आणि दुसऱ्या वर्षापासून हात जोडून बाजूला व्हायचं. वर्षाला साडेपाचशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, एवढ्यावर या मुलखात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे. आणि आम्ही अंगणात तरवडाला बुडवून मारतो.

रोपच लावायचं असेल तर

बी जागेवर पेरा म्हणतो ते सोटमुळासाठी. रोप चार बोटं वर असतं तेव्हा खाली मूळ वीतभर गेलेलं असतं. वाढदिवसाला वाटतात त्या छोट्या पिशवीत ते तळाला टेकतं आणि गोल फिरायला लागतं. असं रोप जमिनीत लावलं तरी मूळ फिरतच राहतं, खाली जात नाही. वर्षभर बरं दिसतं आणि पहिल्या मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशाला, उभ्या उभ्या वाळतं. पावसाळ्यात मेलं तर खड्डा, उन्हाळ्यात मेलं तर गुंडाळलेलं मूळ, असा माझा ढोबळ निवाडा आहे.

शाळेसाठी किंवा कुंपणासाठी पिशवीतच करायची असतील तर उंच, अरुंद पिशवी घ्या, किंवा जुन्या पाइपाचे हातभर तुकडे उभे चिरून, सुतळीनं बांधून भरा. पाच-सहा आठवड्यांत लावून मोकळे व्हा. रोपवाटिकेत कंबरेएवढं, फुलावर आलेलं रोप दिसलं तर मोह होतो, मलाही झाला होता. पिशवीचं बूड बघा. तिथून मूळ बाहेर येऊन तुटलेलं असेल तर ते फूल शेवटचं समजा.

वाढलाय, फुलत नाही

याची दोन-तीनच कारणं मी पाहिली आहेत. सावली हे एक. अर्धा दिवस तरी कडक ऊन हवंच. दुसरं, शेजारच्या लॉनला मारलेला युरिया मुळापर्यंत पोचणं. मग नुसता पाला माजतो.

तिसरं कारण खास आपलं आहे. गौरी-गणपतीच्या आधी अंगण साफ करायचं म्हणून माळीबुवा येतात आणि कात्री चालवतात. तरवड नव्या फुटव्यांच्या टोकाला फुलतो. ऑगस्टमध्ये टोकं कापली म्हणजे नवरात्रातली फुलंच कापली. छाटणी करायची ती शेंगा उतरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, गुडघ्याएवढी ठेवून. कुंपणासाठी हात-हातभर अंतरावर लावलेली झुडपं अशी दरवर्षी खाली घेतली की बुडापासून दाट होतात. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण टिकतं. माझ्या माहितीच्या एका वस्तीवर द्राक्षबागेच्या कडेला असं कुंपण आहे, तारेचा एक पैसा नाही.

एक कारण झाडाचं नाही, माणसाचं. तरवडाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, म्हणून पूर्वी कातडी कमवायला ती लागायची. आता कुणी काढ्यासाठी, कुणी दातवणासाठी येतं आणि खोडाची साल चहूबाजूंनी सोलून नेतं. एका कड्यानं साल गेली की वरचं झाड संपतं. रस्त्याकडेच्या झुडपाला असं कडं दिसलं तर रोग शोधत बसू नका. आणि शुगरवर फुलांचा काढा घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, डॉक्टरांची गोळी त्यासाठी थांबवू नका.

अळ्या आणि मुंग्या

सप्टेंबरात हिरव्या अळ्या पानं खातात. बाजूनं फिकट रेघ असलेली, पानाच्या दांड्याला इतकी समांतर पडून राहते की हात लागेपर्यंत कळत नाही. मारू नका. पांढरट-पिवळसर, भरकन उडून जाणारी जी फुलपाखरं पावसाळ्यात थव्यानं दिसतात त्यांचीच ही पिल्लं. टाकळा-तरवडाच्या कुळावरच ती वाढतात. झाड अर्धं उघडं झालं तरी पंधरा दिवसांत पालवतं. फक्त पहिल्या वर्षीचं वीतभर रोप असेल तर अळ्या उचलून टाकळ्यावर सोडा. तो कोपऱ्यावर असतोच.

मुंग्यांची तक्रार तर दर आठवड्याला येते. त्या पानावरच्या ग्रंथी सांगितल्या ना, त्यांतून गोड थेंब येतो, तो चाटायला मुंग्या येतात. मावा आहे का हे पान उलटून एकदा बघून घ्या. नसेल तर पावडर मारायचं काही कारण नाही. मी दोनदा मारली होती. मुंग्या गेल्या आणि अळ्या दुप्पट झाल्या, हे माझ्या अंगणात दोनदा घडलं.

गेल्या जूनमध्ये पाच उंचवटे केले. चारवर तरवड आहेत, पाचव्यावर मांजर झोपतं. चारांतला एक पहिल्याच नवरात्रात फुलला, बाकीचे अजून पानांतच आहेत, साधारण दुसऱ्या वर्षी येतात. अक्कांना फोन केला तर रिक्षा करून आल्या. आधी वाकून पानाचं बूड बघितलं, मग पिशवी उघडली. सगळी खुडायला निघाल्या तेव्हा खालचे दोन घोस राखून ठेवायला लावले. त्यांच्या शेंगा आता राखेच्या डब्यात आहेत, आणि त्यातल्या निम्म्या विजापूर रोडवाल्यांना द्यायच्या आहेत, त्यांनी दोन फुटी खड्डे आधी बुजवले तर.